केवडा, फणस आणि शेख महंमद

इफ्तारच्या सरबतात केवड्याचे दोन थेंब पडले की घरभर सुगंध दरवळतो. पण केवडा ज्या केतकीच्या बनात फुलतो, तिथे हात घालणे सोपे नाही. पानांच्या कडांना काटे असतात. साधारण चारशे वर्षांपूर्वी मराठीतल्या एका मुसलमान संतकवीने हेच झाड पाहिले आणि त्यातून स्वतःची ओळख जगाला सांगितली. त्या कवीचे नाव शेख महंमद.

गोंदियापासून खूप दूर, अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीगोंदा हे गाव आहे. शेख महंमदांचे आयुष्य तिथे गेले आणि त्यांची समाधीही तिथेच आहे. बीड भागातले वाहिरे हे त्यांचे मूळ गाव मानले जाते. वडिलांचे नाव राजमहंमद, आईचे फुलाई. घराण्याचा संबंध सूफींच्या कादरी परंपरेशी होता. चांद बोधले हे त्यांचे गुरू. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हेही चांद बोधल्यांचेच शिष्य होते, असे परंपरा सांगते. म्हणजे एकाच दिव्यावर दोन वाती पेटल्या, एक पैठणला उजळली आणि एक श्रीगोंद्याला. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांची शेख महंमदांवर श्रद्धा होती. त्यांनी मठासाठी जमीन दिली, असेही सांगतात.

त्या काळी दरबारात फारसी चाले, शास्त्री-पंडितांत संस्कृत. शेख महंमदांनी लिहिले ते मुख्यतः मराठीत, ओवी आणि अभंगात. जात्यावर दळणाऱ्या बाईच्या ओठी असलेला छंद त्यांनी आपल्या तत्त्वज्ञानासाठी निवडला. त्यांचा मोठा ग्रंथ ‘योगसंग्राम’ 1645 मध्ये पूर्ण झाला. त्याचे अठरा प्रसंग आहेत. नावात संग्राम असला तरी ही लढाई बाहेरच्या शत्रूशी नाही. काम, क्रोध, अहंकार हे माणसाच्या आतले वैरी आणि त्यांच्याशी झुंजणारा जीव, असे हे रूपक आहे. सूफी ज्याला नफ्स म्हणतात, म्हणजे हव्यासाने भरलेले मन, त्याला लगाम घालणे हाच रमजानच्या रोज्याचा गाभा. रोजेदाराला ‘योगसंग्राम’ परका वाटायचे कारण नाही. एकादशी करणाऱ्यालाही तो तितकाच जवळचा वाटेल.

पण शेख महंमद लोकांच्या मनात राहिले ते एका छोट्या अभंगामुळे. मुसलमान घरातला माणूस विठ्ठलाचे गुण कसा गातो, हा प्रश्न त्यांना विचारला गेला असणारच. त्यांनी उत्तरासाठी पोथी उघडली नाही. परसातली झाडे दाखवली. केतकी काटेरी, पण पोटात केवडा. फणसाला वरून काटे, आत साखरेसारखे गरे. नारळाची करवंटी कठीण, आत गोड पाणी. त्याच रांगेत त्यांनी स्वतःला उभे केले: बाहेरून आपण ‘अविंध’, पण हृदयात मात्र भक्तांचाच देव वसतो. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. त्या काळी मुसलमानांसाठी हा शब्द वापरत. लोकांनी वेगळेपणाची खूण म्हणून चिकटवलेला शब्द त्यांनी न रागावता उचलला आणि फणसाच्या काट्याशेजारी ठेवून दिला.

ही नजर त्यांना दोन्हीकडून मिळाली. कुरआनच्या वाक्याला आयत म्हणतात आणि आयत या शब्दाचा एक अर्थ निशाणी असाही आहे. पाऊस, खजूर, द्राक्षे, मधमाशी यांच्याकडे पाहा, विचार करा, असे कुरआन वारंवार सांगतो. इकडे सावता माळ्यांना आपल्या भाजीच्या मळ्यातच विठ्ठल दिसला. रोजच्या वस्तूत ईश्वराची खूण शोधणाऱ्या या दोन वाटा शेख महंमदांच्या अंगणात एकत्र आल्या.

मात्र ते नुसते गोड बोलणारे नव्हते. पोटासाठी गुरू झालेले बुवा असोत की वेषापुरते फकीर, दोघांनाही त्यांनी सुनावले. तरीही, किंवा म्हणूनच, त्यांना मान मिळाला. समर्थ रामदासांनी त्यांच्या गौरवाची रचना केली. देहूला तुकोबांच्या कीर्तनात मंडपाने पेट घेतला तेव्हा श्रीगोंद्यात बसून शेख महंमदांनी हात चोळून ती आग विझवली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. वारकऱ्यांनी ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली, यावरून हा माणूस त्यांना किती आपला वाटत होता ते कळते.

अलीकडे त्यांच्या समाधीस्थानाला मंदिर म्हणायचे की दर्गा, यावरून श्रीगोंद्यात वाद झाले. शेख महंमदांना हा प्रश्न नवा नव्हता. हयातीतच त्यांनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे आणि ते समजायला ना अरबी यावी लागते ना संस्कृत. बाजारातून फणस आणावा, हाताला तेल लावून तो फोडावा आणि गरे शेजाऱ्याच्या घरी पाठवावेत, एवढे केले तरी पुरे.