वऱ्हाडातून कॉर्नेलला गेलेला विद्यार्थी मराठीत ज्ञानकोश का घेऊन आला?

वरवट बकालच्या एखाद्या विद्यार्थ्याला आज मोबाइलवर मराठी ज्ञानकोश उघडता येतो. शंभर वर्षांपूर्वी मात्र हा ज्ञानकोश उभा करण्यासाठी एका माणसाने आयुष्य पणाला लावलं होतं. त्याचं शालेय शिक्षणही याच वऱ्हाडात, अमरावतीला झालं. तो माणूस म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर.

केतकरांचा जन्म १८८४ चा, रायपूरचा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकत असताना पदवी न घेताच ते १९०६ मध्ये अमेरिकेला गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. परदेश, परकी भाषा आणि समोर भलंमोठं ग्रंथालय. तिथे पुस्तक नुसतं वाचून भागत नसे. विधानाला आधार कुठला, तो कुठे सापडेल, दुसरा ग्रंथ काय म्हणतो, हे शोधावं लागे. याच अभ्यासातून मनुस्मृतीच्या पुराव्यावर आधारलेला जातिसंस्थेच्या इतिहासाचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. १९११ मध्ये ते पीएच.डी. झाले.

परतल्यावर प्रश्न होता, इंग्रजी न येणाऱ्या मराठी माणसाने काही शोधायचं कुठे?

१९१६ मध्ये नागपुरात ज्ञानकोशासाठी चक्क लिमिटेड कंपनी निघाली. सरकारी खजिना नव्हता, म्हणून केतकर गावोगाव फिरून वर्गणीदार गोळा करत. काम पुढे पुण्यात हललं आणि साधारण बारा वर्षांत २३ खंड झाले. पहिले पाच प्रस्तावनेचे, मग अकारविल्हे नोंदींचे सोळा. बाविसावा खंड निव्वळ सूचीचा! शोधणाऱ्याला वाट सापडावी म्हणून अख्खा खंड खर्च करणं, हे ग्रंथालयात दिवस घालवलेल्या माणसालाच सुचणार.

पत्नी शीलवती मूळच्या एडिथ कोन. त्यांची आणि केतकरांची ओळख लंडनची. विंटरनिट्झ यांचा भारतीय साहित्याचा इतिहास जर्मनमधून इंग्रजीत आणणाऱ्या त्याच.

या कामाने केतकरांना नाव दिलं, पैसा नाही. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, तरी अखेरची वर्षं ओढाताणीतच गेली. १० एप्रिल १९३७ ला पुण्यात ते वारले, तेव्हा वय होतं ५३.

ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते पुढे महाराष्ट्र शब्दकोशाकडे वळले.