मलिक अंबर

मलिक अंबर (इ.स. १५४८च्या सुमारास – मे, इ.स. १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर, सेनानी व प्रशासक होता. इथिओपियात जन्मलेल्या अंबरचे मूळ नाव चापू. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेल्यावर अरबस्तान व बगदाद येथे अनेक धन्यांच्या हाताखालून जात तो दख्खनमध्ये आला. येथे निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही पूर्वीचा हबशी गुलाम होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबरला स्वातंत्र्य मिळाले. काही काळ त्याने विजापूरकरांची चाकरी केली.

इ.स. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि निजामशाही संपल्यातच जमा झाली. अशा वेळी अंबरने राजघराण्यातील एका तरुणाला दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवले व आपली कन्या त्याला दिली. या बुडत्या राज्याची राजधानी आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा येथे होती. परांड्याचा भुईकोट पाहणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक असते. सत्ता हाती असूनही अंबर स्वतः कधी तख्तावर बसला नाही. राजघराण्याच्या नावाशिवाय दख्खनी सरदार एकत्र राहणार नाहीत, हे त्याने ओळखले असावे. राजू दख्खनी या प्रतिस्पर्ध्याचा पाडाव केल्यावर राजधानी जुन्नरला व पुढे दौलताबादला गेली.

मोगलांच्या अवजड फौजेला समोरासमोर भिडण्याऐवजी रसद तोडणे, रात्री छापे घालणे ही त्याची रीत होती. मराठा घोडेस्वार हे या गनिमी काव्याचे मुख्य बळ होते. इ.स. १६२४ मध्ये भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. जहांगीर बादशहाचा त्याच्यावरील राग इतका होता, की अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण मारतानाचे स्वतःचे चित्र त्याने काढून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याला कधीच मिळाले नाही.

जमिनीच्या प्रतीनुसार सारा ठरवण्याची व मक्तेदारी बंद करण्याची त्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ स्मरणात राहिली. इ.स. १६१० मध्ये त्याने वसवलेली खडकी म्हणजेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथे पाणी आणणारी नहर-ए-अंबरी ही भूमिगत जलवाहिनी त्याचीच.

सुमारे ऐंशीव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फत्तेखान याने इ.स. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले आणि तीन वर्षांत निजामशाही संपली.