प्रिंटरची मेमरी फुल झाली की आठवावा असा मुंबईचा माणूस, जावजी दादाजी

अंधेरीतलं एखादं ऑफिस. संध्याकाळचे साडेसहा वाजलेत, फोटोंनी भरलेलं प्रेझेंटेशन प्रिंटला टाकलंय आणि प्रिंटर म्हणतो, मेमरी फुल.

आता प्रिंटरला मेमरी लागते कशाला?

तर लेझर प्रिंटरचा ड्रम एकदा फिरायला लागला की पानाच्या मधेच थांबत नाही. म्हणून पान आधीच ठिपक्यांच्या रूपात मेमरीत तयार लागतं. ६०० डीपीआयवर एका ए-फोर पानाचे साधारण साडेतीन कोटी ठिपके होतात. साधं काळं-पांढरं पान असलं तरी कॉम्प्रेस न करता सुमारे ४ एमबी जागा गेली. त्याच मेमरीत फॉन्ट आणि रांगेतली पुढची कामंही बसवायची. एकाला जास्त दिलं की दुसऱ्याला कमी पडतं.

हाच हिशोब दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत एक माणूस शिशाच्या खिळ्यांवर करत होता. त्यांचं नाव जावजी दादाजी चौधरी.

जावजींचा जन्म १८३९ चा. घरची गरिबी, त्यामुळे शाळा फारशी झालीच नाही. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले. तिथे थॉमस ग्रॅहम देवनागरी टाइप घडवत होते. पोरगं घासता घासता सगळी विद्या शिकलं. पुढे इतर छापखान्यांतही त्यांनी काम केलं.

तेव्हाची अडचण अशी होती की पान जुळवून ठेवलं की त्यातले खिळे अडकले. छपाई झाल्यावर ते सोडवून पुन्हा खान्यांत टाकायचे, मगच ते पुढच्या पानाला मिळायचे. त्यात आपली देवनागरी. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं धरली की इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त प्रकारचे खिळे लागणार. ‘र’ आणि ‘त’ भरपूर हवेत, ‘ङ’ मोजकेच. हे वाटप चुकलं की काम अडलं.

ऑफिसात यावर दोन मार्ग असतात. एकतर रिझोल्यूशन उतरवून किंवा थोडी थोडी पानं पाठवून भार कमी करा, नाहीतर मेमरी वाढवा.

जावजींनी वाढवायचा मार्ग धरला. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्रीच काढली. सोबतीला ठसे कोरण्यात वाकबगार असलेले राणोजी रावजी आरू होते. आता खिळे कमी पडले तर घरचेच ओतायचे.

१८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला. इथून पंचांग निघालं, १८८१ पासून मुलांसाठी ‘बालबोध’ मासिक निघालं. १८८६ मध्ये ‘काव्यमाला’ सुरू झाली आणि जुनी संस्कृत काव्यं एकामागून एक छापली जाऊ लागली. हस्तलिखितांत अडकलेले ग्रंथ देशभरच्या अभ्यासकांच्या हातात पडले. निर्णयसागरचा सुबक टाइप तर मुंबईबाहेरच्या छापखान्यांतही गेला.

१८९२ मध्ये जावजी गेले. छापखाना पुढे मुलाने, तुकाराम जावजींनी सांभाळला.

आज मोबाईलवर जोडाक्षर टाइप करताना खिळे संपायची भीती नसते. पण ज्या काळात प्रत्येक अक्षर मोजून ठेवावं लागायचं, त्या काळात टाइप घासणाऱ्या एका पोराने देवनागरीला अक्षरं कमी पडू दिली नाहीत.