दप्तरांतील पूर्वजांचा शोध

गोमंतकाचा पुष्कळसा इतिहास परक्या राज्यकर्त्यांच्या भाषेत व दप्तरांत दडून राहिला होता. तो आम्हांस उलगडून दाखविला डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी. सत्तरीतील पिसुर्ले गावी १८९४ साली त्यांचा जन्म झाला. पोर्तुगीज भाषा आत्मसात करून सुमारे तीस वर्षे त्यांनी गोव्याच्या सरकारी दप्तरखान्याची धुरा वाहिली. तहांवर नाव विजरईचे. परंतु परदरबारी बोलणी करणारे वकील व दुभाषी अनेकदा याच देशातले हिंदू, मुसलमान, यहुदी वा पारशी होते, हे त्यांच्या १९५२ च्या ग्रंथाने उजेडात आणले. १९६९ साली ते निवर्तले. विद्यार्थिमित्रहो, माळ्यावरचे जुने कागद रद्दीत घालण्यापूर्वी आपण एकदा वाचावेत; त्यांत आपलाच एखादा विस्मृत पूर्वज असेल.