कासवांना शिकवणारा माणूस

वडील इंजिनीअर, मुलाने वकील व्हायचं ठरलेलं, आणि मुलगा झाला चित्रकार! गोष्ट आपल्या होस्टेलमधल्या कुठल्याही विंगची वाटेल, पण ती आहे इस्तंबूलची, दीडशे वर्षांपूर्वीची.

ओस्मान हमदी बे. जन्म १८४२. त्याचे वडील इब्राहिम एदहेम पाशा यांच्यावर तर वेगळा सिनेमा निघेल. कीऑस बेटावरचं ग्रीक पोर गुलाम म्हणून विकलं गेलं, एका पाशाच्या घरी वाढलं, पॅरिसला जाऊन मायनिंग इंजिनीअर झालं आणि १८७७ साली चक्क ऑटोमन साम्राज्याचं पंतप्रधान! अशा बापाने १८६० मध्ये हमदीला पॅरिसला कायदा शिकायला धाडलं. पोराने कायद्याची पुस्तकं बाजूला ठेवली आणि बुलांजे नावाच्या चित्रकाराकडे ब्रश धरला. जेरोमचीही छाप त्याच्यावर पडली.

हे दोघे त्या काळचे नावाजलेले ओरिएंटलिस्ट, म्हणजे पूर्वेकडचे विषय रंगवणारे. त्यांची पूर्व कशी? तर सापवाले, गुलामांचे बाजार, जनानखाने. हमदीने तंत्र त्यांचंच उचललं. भिंतीवरची फरशी न् फरशी, गालिच्याचा धागा न् धागा. माणसं मात्र वेगळी काढली. त्याच्या चित्रातले लोक वाचतात, चर्चा करतात, ताठ उभे राहतात. बाईच्या हातातसुद्धा पुस्तक. दाढीवाल्या पुरुषाच्या जागी बऱ्याचदा तो स्वतःच! जुने पोशाख चढवून फोटो काढून घ्यायचे आणि त्यावरून रंगवायचं. मॉडेलचा खर्च वाचला.

पण पोटापाण्याला नोकरी हवीच. १८६९ मध्ये तो सरकारी कामावर बगदादला गेला. १८८१ मध्ये इस्तंबूलच्या इम्पीरियल म्युझियमचा प्रमुख झाला आणि खरी लढाई सुरू झाली. पेर्गामॉनची अख्खी वेदी तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी बर्लिनला चालली होती. हमदीच्या पुढाकाराने १८८४ साली कायदा झाला: उत्खननात सापडलेली वस्तू देशाबाहेर न्यायची नाही. १८८७ मध्ये सिदोनला (आजच्या लेबनॉनमध्ये) राजघराण्याच्या कबरी सापडल्या. विहिरीसारख्या खोल शाफ्टच्या तळाशी टनावारी वजनाच्या दगडी शवपेट्या! आडवा बोगदा खोदून त्या बाहेर काढल्या आणि जहाजाने इस्तंबूलला आणल्या. सिव्हिलवाल्यांनी नकाशे शोधून बघावेत असं काम आहे. त्यांच्यासाठी बांधलेली नवी इमारत १८९१ मध्ये उघडली.

या कायद्यामुळे परदेशी संशोधकांना हमदीची मर्जी सांभाळावी लागे. निप्पूर इथे खोदकाम करणाऱ्या अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९५ साली त्याचं एक मोठं चित्र विकत घेतलं. कलाप्रेम किती आणि परवानग्यांची काळजी किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, कारण ते चित्र नंतर कित्येक वर्षं गोदामातच पडून होतं.

१९०६ मध्ये त्याने सगळ्यात गाजलेलं चित्र काढलं. लाल झगा घातलेला, पाठीत वाकलेला म्हातारा, हातात बासरी, आणि पायाशी पाला खाणारी कासवं. कासवांना बासरीवर शिकवायचं म्हणजे किती पेशन्स! कल्पना बहुधा १८६९ च्या एका फ्रेंच मासिकातल्या चित्रावरून सुचलेली. सुधारणेच्या नावाने ढिम्म न हलणाऱ्या समाजावरची ही टीका, असं बरेच जण म्हणतात. सरकारी खात्यात तीस-चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कासवं सुचावीत यात नवल नाही!

१९१० मध्ये तो गेला. डिसेंबर २००४ मध्ये हे चित्र इस्तंबूलला लिलावात आलं आणि पाच लाख कोटी लिरांना गेलं. दचकू नका, तेव्हाच्या लिराला किंमतच तेवढी होती. जानेवारी २००५ मध्ये तुर्कस्तानने नोटांवरची सहा शून्यं उडवली, तेव्हा हाच आकडा पन्नास लाख झाला. डॉलरमध्ये साधारण ३५ लाख. तुर्की चित्राला तोवर एवढी किंमत आली नव्हती. आता ते तिथल्याच पेरा म्युझियममध्ये आहे.

पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये लंडनला त्याचं १८८० मधलं वाचणाऱ्या तरुणीचं चित्र निघालं. अंदाज सहा ते आठ लाख पौंडांचा होता. बोली थांबली तेव्हा खर्चासकट आकडा झाला ६३ लाखांच्या वर. जुन्या वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून कायदा करणाऱ्याचीच चित्रं अशी परदेशातल्या लिलावात फिरतात. कासववाल्याची १९०७ मधली दुसरी आवृत्तीही आहे, आकाराने लहान.