कै. डॉ. कमलाबाई सोहोनी

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीची ओळख लिहावी असे ठरले, तेव्हा माझ्या मनात प्रथम कै. डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे नाव आले. मी जेमतेम सातवी शिकलेली. पण या बाईंनी जन्मभर ज्यांचा अभ्यास केला ती दूध, डाळ, वाल, नीरा ही आपल्याच चुलीजवळची नि शिवारातली आहेत. म्हणून धीर करून लिहिते.

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. विख्यात लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव दोघेही रसायनशास्त्राचे पदवीधर. बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेत ते शिकलेले होते. आपणही तेथेच शिकावे, असे कमलाबाईंनी लहानपणीच मनाशी धरले होते.

१९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्यांनी बंगलोरला अर्ज केला, तो नामंजूर झाला. कारण एकच, त्या स्त्री होत्या! संस्थेचे प्रमुख नोबेल पारितोषिक मिळवलेले सर चंद्रशेखर रामन. एवढ्या मोठ्या माणसाचा नकार म्हटल्यावर दुसरी कोणी मुकाट्याने घरी बसली असती. कमलाबाई थेट बंगलोरला गेल्या आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलायचे नाही, असा सत्याग्रह मांडला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षा पाहण्यापुरते, काम सांगतील तितका वेळ, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, आणि पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. हा अपमान त्यांच्या मनात कायम राहिला. तरीही त्यांनी तो कामाच्या आड येऊ दिला नाही. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दुधातील व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरात रामनसाहेबांची खात्री पटली आणि पुढच्या मुलींना त्या संस्थेचे दार उघडे झाले.

१९३६ साली त्या एम. एस्सी. झाल्या आणि पुढे विलायतेत केंब्रिजला गेल्या. तेथे बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी नावाचे द्रव्य आढळले. पेशीला श्वसनासाठी ते लागते. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत ते असते, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा! त्यावर १९३९ साली त्यांना पीएच्. डी. मिळाली.

परदेशातल्या नोकरीचा मोह न धरता त्या मायदेशी परतल्या. दिल्लीला आणि कुन्नूरला काम करून, १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापिका झाल्या. हक्काचे संचालकपद मात्र त्यांना फार उशिरा, १९६५ साली लाभले.

मुंबईस त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोरगरिबांच्या अन्नाचा कसून अभ्यास केला. कच्च्या वालात प्रथिनांचे पचन अडवणारे द्रव्य असते, ते त्यांनी वेगळे काढून तपासले. वाल भिजवून, मोड आणून, चांगले शिजवावेत ही आपल्या आजीची रीत किती शहाणपणाची, ते यावरून कळते. पुढे राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. पहाटे ताडावरून उतरवलेली गोड नीरा म्हणजे ताडी नव्हे; आंबली की तिची ताडी होते. ताजी नीरा दिल्याने अशक्त आदिवासी मुलांची आणि गरोदर बायांची प्रकृती सुधारते, असे त्यांना आढळले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. उतारवयात ग्राहकांच्या चळवळीतही त्या होत्या. १९९८ साली दिल्लीत, त्यांच्या सत्काराच्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लौकरच त्यांचे देहावसान झाले.

भगिनींनो, १९९२ सालचा पावसाळा आपण कशा विसरू? आपल्या वावर-वांगणीत कुपोषणाने शंभराहून अधिक बालके गेली. मी तेव्हा लहान होते. पण घरोघरची ती शांतता अजून कानात आहे. अशक्त बाळंतीण आणि तिचे लेकरू यांना काय खाऊ घालावे, हाच कमलाबाईंच्या अभ्यासाचा विषय होता. ते ज्ञान पुस्तकात होते, आपल्या पाड्यावर पोचले नव्हते. ते पोचवायचे तर पाड्यावरचीच मुलगी शिकायला हवी.

आज जव्हारच्या महाविद्यालयात आपल्या मुली जीवशास्त्र शिकू शकतात आणि कमलाबाईंनी मिळवली त्याच मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवू शकतात. आता दाराशी सत्याग्रह करावा लागत नाही. मात्र पुष्कळदा घरातच अडते. दहावी झाली की मुलीचे लग्न काढतात. तेव्हा निदान आपण आयांनी तरी तिची वाट अडवू नये, ही माझी हात जोडून विनंती.

कै. कमलाबाईंच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.