सोवळ्यापासून ‘स्मृतिचित्रां’पर्यंत

मराठीतील आत्मचरित्रांचा विचार ‘स्मृतिचित्रे’ वगळून पूर्ण होत नाही. या ग्रंथाच्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक यांना शालेय शिक्षण मिळाले नव्हते; जोडाक्षरे लिहिताना त्या अडखळत. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र लिहावे, या हेतूने पुत्र देवदत्त यांनी आईकडे आठवणी मागितल्या. पतीच्या चरित्रासाठी सांगितलेल्या या आठवणींतूनच एका स्त्रीच्या घडणीची कथा साकारली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत त्यांच्या मातामहांना इंग्रजांनी फाशी दिली. या आघाताने वडिलांच्या मनाचा तोल ढळला आणि सोवळ्याने त्यांना पुरते ग्रासले. मीठ-साखरही धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. या अतिरेकी कर्मठपणाचा जाच आई आणि मुले यांना सोसावा लागला. मोठेपणी लक्ष्मीबाईंनी हे सारे लिहिले, पण वडिलांविषयी कटुता न ठेवता, विनोदाच्या अंगाने.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा विवाह टिळकांशी झाला. टिळक प्रतिभावान, उदार, पण लहरी आणि शीघ्रकोपी होते. न सांगता घर सोडून जाणे, मिळालेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे हे नित्याचेच. या अस्थिर संसाराला सर्वांत मोठा हादरा बसला तो फेब्रुवारी १८९५ मध्ये. टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पदरी लहानगा मुलगा, पती हयात असूनही संसार नाही, अशा अवस्थेत लक्ष्मीबाईंनी नातेवाइकांच्या आधाराने पंढरपूर आणि अन्यत्र दिवस काढले. मनातील दुःखाला त्यांनी कवितेतून वाट करून दिली.

काही वर्षांनी त्या पतीकडे अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) परतल्या, पण धर्म न बदलता. आपले सोवळे आणि स्वयंपाक त्यांनी वेगळाच ठेवला. टिळकांनीही त्यासाठी सक्ती केली नाही. राहुरीच्या मुक्कामात मात्र जातिभेदाविषयी त्यांच्या मनात विचारांचे काहूर उठले. माणसामाणसांतील उच्चनीचता ईश्वराने निर्माण केलेली नाही, अशी त्यांची खात्री पटली आणि जन्मापासून अंगवळणी पडलेले सोवळे त्यांनी स्वतःहून टाकले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीमागून पत्नी गेली, इतकाच या घटनेचा अर्थ नव्हता. हा निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

त्यानंतर टिळकांचे घर अनेकांचे घर झाले. निराधार मुलांना तेथे आसरा मिळाला. तरुण कवी बालकवी ठोमरे यांनाही लक्ष्मीबाईंनी मुलाप्रमाणे माया दिली. रक्ताच्या आणि जातीच्या नात्यांपलीकडचे हे कुटुंब त्यांनी अपुऱ्या मिळकतीत सांभाळले. १९१९ मध्ये टिळकांचे मुंबईत निधन झाले. सुमारे साडेदहा अध्यायांवर थांबलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी आणखी ६४ अध्याय रचून पूर्ण केले. ‘भरली घागर’ हा त्यांचा कवितासंग्रहही प्रसिद्ध आहे.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. पतीचे मोठेपण सांगताना त्यांचे दोष झाकायचे नाहीत आणि दोष सांगताना प्रेम उणे होऊ द्यायचे नाही, हा तोल लक्ष्मीबाईंनी घरगुती, बोलक्या भाषेत साधला. स्वतःच्या फजितीवर हसण्यातही त्या मागे राहिल्या नाहीत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती सिद्ध केली. १९५० मध्ये जोसेफीन इंकस्टर यांनी, तर २०१७ मध्ये शांता गोखले यांनी तो इंग्रजीत नेला. मुलाने मागितलेला आईच्या आठवणींचा हा ठेवा अशा रीतीने तिसऱ्या पिढीने जपला आणि मराठीबाहेरच्या वाचकांपर्यंतही पोहोचला.